हलका क्लच

१

मिस्त्रीण क्लच प्लेट बघून माणूस सांगायची. इंजिनचं कव्हर काढलं, प्लेटा एकेक करून बाहेर घेतल्या आणि वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या, की गिऱ्हाईकाच्या तोंडावर बोलून मोकळी. "तुम्ही सिग्नलला गिअरात उभे राहता." किंवा, "ही गाडी तुमचा मेहुणा चालवतो. तुम्ही एवढे उतावळे नाही." गिऱ्हाईक ओशाळं हसायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा तिच्याकडेच यायचं.

चौथीतून शाळा सुटली तेव्हा बापाने तिच्या हातात पाना दिला होता. मध्ये नवरा आला आणि गेला, पाना राहिला. घराला लागून पत्र्याचं गॅरेज, शेजारी लेथवाल्याचं दुकान आणि घरात एक पोरगी, एवढा तिचा संसार.

त्या दिवशी गाडी घरचीच होती. पोरगी टेकडीपलीकडच्या इस्पितळात नर्स म्हणून नवीन लागली होती. सकाळी सातला हजर व्हायचं, आणि पहिली बसच साडेसातची. म्हणून ही जुनी मोटरसायकल घेतली. वीस-बावीस वर्षांची, टाकीचा रंग उडालेला, पण इंजिन खणखणीत. खोट एकच. क्लच घसरत होता. मूठ पिळली की आवाज आभाळाला भिडायचा आणि गाडी मात्र म्हशीसारखी जागच्या जागी.

मिस्त्रिणीने तेल काढलं. काळं, जळकट वासाचं. किक उतरवली, कव्हर सोडवलं, स्प्रिंगांचे बोल्ट तिरपे-तिरपे ढिले केले आणि प्लेटा बाहेर घेतल्या. बिस्किटासारखी भुसभुशीत झालेली अस्तरं, मधल्या लोखंडी चकत्या तापून निळ्या पडलेल्या. असं तिने खूप पाहिलं होतं. अर्धा दाबून चालवणाऱ्याची गाडी. पण अर्धा दाबणारासुद्धा कधीतरी सोडतोच. सरळ रस्ता लागतो, हात दुखतो, बिडी पेटवायची असते. या प्लेटा बघून वाटत होतं की या गाडीचा क्लच कुणी कधी पूर्ण सोडलाच नाही.

"काय म्हणतात प्लेटा?" पोरगी दारातून म्हणाली.

"म्हणतात, आधीचा मालक भित्रा होता."

नव्या प्लेटा तेलात भिजवल्या. स्प्रिंगा जाड घातल्या, केबल नवी टाकली. लिव्हर चांगलाच कडक झाला. "आठ दिवस मनगट दुखेल," ती पोरीला म्हणाली. "मग सवय होईल. रडत येऊ नकोस."

२

पोरगी रडत आली नाही. दुसऱ्या दिवशी हेल्मेट काढता काढता म्हणाली, "आई, काय हलका केलास गं क्लच. लोण्यासारखा."

मिस्त्रीण हात पुसत बाहेर गेली. लिव्हर दाबून पाहिला. दगड. पुन्हा दाबला. दगडच.

"हा हलका?"

"तुझ्या हाताला म्हातारपण आलं."

"म्हातारपण तुझ्या होणाऱ्या सासूला," असं म्हणून ती आत गेली. तरण्या हाताला जोर असतो, तिने मनाशी म्हटलं. विषय संपला. पण भाजी चिरताना सुरी धरलेली बोटं मध्येच थांबली. या पोरीला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नव्हतं. परवापर्यंत.

पाचव्या दिवशी गाडी घरी आली ती जळका वास घेऊन. मूठ पिळली, आवाज चढला, गाडी हलेना.

मिस्त्रिणीने पुन्हा कव्हर काढलं. प्लेटा वर्तमानपत्रावर मांडल्या आणि उकिडवी बसून राहिली. पाच दिवस. जाऊन-येऊन रोजचे चाळीस किलोमीटर. आणि अस्तरं कागदासारखी.

तिने त्या लेथवाल्याकडे नेल्या. तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, सदा बनियनवर, तोंडात सदा लवंग.

"भाऊ, मापा."

त्याने मापल्या. एकदा प्लेटेकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "ताई, कुणाला शिकवता का गाडी? हत्तीला वगैरे?"

"पाच दिवस झाले टाकून."

"मग माल खोटा. दुसरं काय. वरचं पाकीट चांगलं, आत पुठ्ठा."

तिलाही तेच पटलं. पटवून घेतलं. दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या प्लेटा आणल्या. या वेळी नखाने खरवडून, दाताने चावून पाहिल्या. खऱ्या होत्या.

३

प्लेटा घातल्यावर ती पोरीच्या मागे बसली आणि म्हणाली, "चल, टेकडीच्या पायथ्यापर्यंत. तुझा हात बघायचाय."

हात चोख होता. चार बोटांनी पूर्ण दाबायची, पूर्ण सोडायची, सोडल्यावर बोटं लिव्हरवरून काढून मुठीवर. मिस्त्रिणीने खांद्यावरून वाकून वाकून पाहिलं. बोट ठेवायला जागा नव्हती.

पायथ्याशी थांबल्यावर पोरगी म्हणाली, "एक सांगू? ओरडू नकोस."

"आधी सांग, मग बघू."

"परवा पलीकडच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला, गाडी एकदम मोकळी सुटली. क्लच दाबल्यावर सुटते ना, तशी. मी दाबला नव्हता."

"किती वेळ?"

"दोन-तीन अंक मोजेपर्यंत. मग पकडली आपली आपण."

मिस्त्रीण ओरडली नाही. टेकडीपलीकडचा तो उतार तिला तोंडपाठ होता. चार वळणं, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला काही नाही. तिथे गाडी ब्रेकवर उतरत नाही, इंजिनच्या धाकावर उतरते. गिअरात असली की इंजिन तिला मागे ओढून धरतं. क्लच दाबला की तो धाक गेला, मग गाडी नुसता गडगडणारा दगड. जुन्या ब्रेकांनी तो थांबत नाही.

"उद्यापासून बसने जायचं," ती म्हणाली.

"साडेसातच्या बसने सातला पोचते मी. वा. आई, तीन महिने कच्ची नोकरी आहे. दोनदा उशीर झालाय. माझ्याआधीचीला तिसऱ्या वेळी घरी पाठवली."

"घरी पाठवतील ना? वर नाही ना पाठवणार?"

पोरीने किक मारली. मिस्त्रीण मागे बसली. घर आल्यावर पोरगी एवढंच म्हणाली, "तुला मी घरातच पाहिजे, एवढंच आहे हे सगळं." ते मिस्त्रिणीला असं लागलं की बस राहिली बाजूला आणि गाडी चालू राहिली.

४

रविवारी दुपारी गल्ली सामसूम होती. पोरगी आत झोपली होती. मिस्त्रीण गाडीजवळ स्टूल घेऊन बसली.

इंजिन ऐकायची तिची रीत बापाकडची. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. मग आतला खडा न् खडा बोलतो. तिने टोक क्लचच्या कव्हरला टेकवलं, मूठ कानाशी नेली, आणि किक मारायला उठणार तोच तिला ऐकू आलं.

चप.

तेलातल्या प्लेटा एकमेकींपासून सुटतात तेव्हा असा आवाज होतो. मिटलेले ओठ उघडावेत तसा. कुणी लिव्हर दाबला तरच होतो. इंजिन बंद होतं. सकाळपासून बंद होतं. कव्हरला हात लावला, गार.

तिने श्वास धरला. एक, दोन, तीन, चार. चप. मिटल्या. पुन्हा एक, दोन, तीन, चार. चप.

घाई नव्हती त्या आवाजात. बसल्या बसल्या कुणी चाळा करावा तसा.

क्लचचं कव्हर उजव्या अंगाला, लिव्हर डाव्या. मध्ये टाकी. बसल्या जागेवरून लिव्हर दिसत नव्हता. ती ताडकन उठली आणि पाहिलं. लिव्हर आपल्या जागी. हात लावायची हिंमत व्हायला थोडा वेळ लागला. मग लावला. लिव्हरचं लोखंड सावलीतलं, तरी कोमट होतं.

पत्रा तापतो, लोखंड तापतं, तेल फुगतं, प्लेटा सुटतात, ती स्वतःला म्हणाली. चाळीस वर्षांत पत्रा तापला नव्हता का, हे तिने स्वतःला विचारलं नाही. त्याऐवजी शेजारी उभ्या असलेल्या दुधवाल्याच्या गाडीला स्क्रूड्रायव्हर लावला. ऊन तेच, पत्रा तोच. ती गाडी मेल्यासारखी गप्प होती.

तिने पुन्हा पोरीच्या गाडीला लावला. आता तीही गप्प होती. कुणी ऐकतंय म्हटल्यावर माणूस गप्प बसतो तशी.

५

त्या संध्याकाळी तिने लिव्हरच्या पुढच्या अंगाला ग्रीसचा पातळ हात फिरवला, गॅरेजला कुलूप घातलं आणि किल्ली उशाखाली घेऊन झोपली. सकाळी पोरगी उठायच्या आत जाऊन पाहिलं. ग्रीस दोन ठिकाणी पुसलं गेलं होतं. शेजारी-शेजारी दोन पट्टे, दोन बोटांचे. तिने आपलं बोट त्यावर धरून पाहिलं. पट्टा उमटवणारं बोट तिच्या करंगळीएवढंसुद्धा जाड नव्हतं.

लेथवाल्याला तिने दुपारी सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

"उंदीर असेल," तो म्हणाला.

"उंदीर क्लच दाबत नाही, भाऊ."

"मग पोरगीच."

"किल्ली माझ्या डोक्याखाली होती."

"मग तुम्हीच. झोपेत उठून. माझा चुलता उठायचा, दाढी करून पुन्हा झोपायचा."

"माझी बोटं बघा," ती म्हणाली आणि हात पुढे केला. जाड, भेगाळलेली, नखांत जन्माचं काळं. लेथवाल्याने बोटं पाहिली आणि त्याची थट्टा संपली. त्याने लवंग थुंकली. "विकून टाका गाडी."

"म्हणजे दुसऱ्याच्या पोरीखाली घालू?"

तो लेथकडे परत गेला.

तिने ठरवलं, येत्या रविवारी गाडी तोडायची. नट न् नट सुटा करायचा, इंजिन घणाने फोडायचं. तोवर ती चालता कामा नये. संध्याकाळी पोरगी आल्यावर तिने क्लचची केबलच काढून घेतली, वरची काळी नळी आणि आतली तार, सगळी. वेटोळं करून घरात फळीवर ठेवलं. केबल नाही म्हणजे क्लच नाही. क्लच नाही म्हणजे गिअर टाकला की गाडी बेडकासारखी उडी मारणार आणि बंद पडणार. फाटकाबाहेरसुद्धा जाणार नाही.

चावी लपवायची अक्कल तिला सुचली नाही. चावी चोर लपवतात आणि बायका लपवतात. कारागीर एक पुर्जा काढून ठेवतो आणि निर्धास्त झोपतो. चावी पोरीच्या पर्समध्येच राहिली.

"उद्या बसने जा," जेवताना ती म्हणाली. "गाडीचं काम निघालंय."

"कसलं काम?"

"आहे."

"आता आले मी तिच्यावरून. नीट आहे ती."

"मिस्त्री तू का मी?"

"तू," पोरगी म्हणाली आणि ताट घेऊन उठली. "तूच सगळं. मिस्त्री तू, नर्स तू, मीसुद्धा तूच."

६

सकाळी सव्वासहाला मिस्त्रीण गॅरेज उघडून झाडू मारून मागच्या नळाला गेली. बादली निम्मी भरली तेव्हा किक ऐकू आली.

ऐकली तरी ती धावली नाही. वाजू दे, तिने म्हटलं. पोरगी गिअर टाकेल, गाडी उडी मारून बंद पडेल, मग येईल तोंड फुगवून. तेव्हा केबल तिच्या नाकासमोर धरायची. ती आत गेली, फळीवरून वेटोळं घेतलं, सरळ केलं. एक टोक डाव्या हातात, एक उजव्यात.

गिअर पडल्याचा खट्ट आवाज आला.

त्याच क्षणी उजव्या हातातली तार नळीत आत गेली, दोन बोटं, पलीकडे कुणी लिव्हर दाबावा तशी. मग हळूच, जपून, बाहेर आली, कुणी लिव्हर सोडावा तशी. आणि बाहेर गाडी मऊ आवाजात निघाली.

मिस्त्रीण केबल हातात घेऊनच रस्त्यावर आली तेव्हा पोरगी कोपऱ्यावर पोचली होती. मोठ्या रस्त्याला लागण्याआधी थांबली होती. इंजिन चालू, गाडी गिअरात, आणि पोरीचा डावा हात लिव्हरवर नव्हताच. त्या हाताने ती हेल्मेटचा पट्टा ओढत होती. मिस्त्रिणीने हाक मारली. हेल्मेटमध्ये ती कुठे ऐकू जाणार.

तार पुन्हा आत गेलेली होती आणि आतच धरलेली होती. लहान मूल बोट धरतं तेवढा जोर. मिस्त्रिणीच्या अंगातून संताप उसळला. माझी पोरगी, माझ्या हातची केबल, आणि तू कोण. तार अशी आत धरू द्यायची नाही म्हणून तिने टोकाचा गोळा चिमटीत धरला आणि सगळ्या जोराने बाहेर खेचला.

कोपऱ्यावर गाडीने गचका दिला. पोरीसकट पुढे उडाली, थेट मोठ्या रस्त्यावर, आणि डावीकडून पाण्याचा टँकर येत होता. भोंगा वाजला. पोरगी तोल सावरायला वाकली, इंजिन गचके देऊ लागलं, आता बंद पडणार, टँकरच्या तोंडासमोर.

मिस्त्रिणीने चिमूट सोडली.

तार सरकन आत गेली आणि लोण्यासारखी बाहेर आली. गाडी टँकरच्या पुढून अलगद निघाली आणि वळणाआड गेली. टँकरवाला शिव्या देत होता, त्या सगळ्या गल्लीने ऐकल्या.

७

लेथवाला दुकान उघडायला आला तेव्हा ती पायरीवर बसलेली होती. दोन्ही हातांत केबल, मांडीवर सरळ, कुठे मुरड पडू नये अशी.

"भाऊ, स्कूटर काढा. पोरीच्या मागे जा. गाठा आणि थांबवा."

"तुम्हीच का नाही—"

"मला हे खाली ठेवता येत नाही."

त्याने तिच्या हातांकडे पाहिलं. तेवढ्यात तार आत गेली आणि बाहेर आली. कुणी ओढली नव्हती. त्याने ती पाहिली, स्कूटरला लाथ मारली आणि गेला. पण त्याची स्कूटर काय, आणि ती गाडी काय. पोरगी दहा मिनिटं पुढे होती.

मिस्त्रीण बसून राहिली. आता तिला गाडी दिसायची गरज नव्हती. तार आत गेली, आली, थोड्याच वेळात परत. चौथा गिअर, सरळ रस्ता, पेट्रोलपंप मागे पडला. मग बराच वेळ काही नाही. मग दोनदा लागोपाठ, म्हणजे चढ लागला, पोरीने गिअर उतरवले. चांगली चालवते पोरगी, तिच्या मनात आलं. मग वाटलं, पोरगी की कोण? त्या विचाराशी ती थांबली नाही.

पायरीपुढून शाळेची दोन पोरं गेली. एक म्हातारा कुत्र्याला घेऊन गेला. कुणीतरी म्हणालं, "मिस्त्रीणबाई, लवकर उघडलंत आज." तिने मान हलवली. तळहाताला घाम सुटला होता, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

तार आत जाऊन बाहेर आली. टेकडीचा माथा. आता गाडी गिअरात हवी, चारही वळणं संपेपर्यंत. आता तारेने हलायचं नाही.

पहिलं वळण. तार गप्प होती.

दुसरं वळण. गप्प.

मग तार आत गेली. घाई नाही, जोर नाही. दोन बोटं आत जाऊन थांबली.

एक, दोन, तीन.

मागच्या वेळी तीनलाच सोडली होती. चार. पाच. ओढता येत नव्हतं. वळणावर गचका दिला तर गाडी कड्यावर आपटणार, नाहीतर पलीकडे, जिथे काही नाही. तिचे एवढे हात, एवढा जोर, आणि ती दोन्ही तळवे उघडे ठेवून बसली होती. सहा. सात.

आयुष्यात तिने कुणापुढे तोंड वेंगाडलं नव्हतं. नवरा निघाला तेव्हा दाराला कडी तिनेच लावली होती. ती तारेवर वाकली.

"सोड," ती म्हणाली. "सोड रे. नाहीतर सोड गं. जे कोण असशील ते. एकुलती एक आहे माझी. तुझं काय करायचं ते करते. गाडी तोडत नाही. सोड तिला."

तारेला दोन बारीक हिसके बसले. ऐकलं, असं सांगणारे.

पण तार बाहेर आली नाही.